पोंभुर्ण्याचं मत

पॅरिस ऑलिंपिक आमच्याकडे ऐन रोवणीत आलं. २०२४ च्या जुलैचा शेवट, बांध्या तुडुंब भरलेल्या आणि वैनगंगेच्या अंगानं येणारा पाऊस थांबायचं नाव घेईना. दिवसभर रोवणीला जाऊन आलेली, पोलीस नाहीतर वनरक्षक भरतीच्या मागे लागलेली पोरं-पोरी संध्याकाळी मोबाइलवर स्पर्धांचे तुकडे बघायची आणि बघता बघता भांडायची. भांडण एकच: आजवरचा सगळ्यात मोठा ऑलिंपिकपटू कोण? चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या पोंभुर्ण्याला या वादात मत विचारलं कोणी, असं कुणी म्हणेल. पण मत द्यायला पदक लागत नाही. धावताना छाती कुठं फुटते आणि गोळा फेकताना मनगट कुठं दगा देतं, हे या पोरांना वर्तमानपत्रातून कळलेलं नाही, अंगावर कळलेलं आहे. एवढं भांडवल मताला पुरतं.

वाद सुरू होतो तो मायकेल फेल्प्सपासून. २३ सुवर्ण, एकूण २८ पदकं. २००८ ला बीजिंगमध्ये एकाच दमात ८ सुवर्ण. आकडा ऐकला की निम्मी मंडळी गप्प होतात. फेल्प्सच्या आधी सर्वाधिक पदकांचा मान सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लॅटिनिनाचा होता. १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये १८ पदकं, त्यातली ९ सोन्याची. तिचा आकडा ओलांडायला २०१२ उजाडलं, तरी तिचं नाव मुली काढतात, मुलं काढत नाहीत. उसेन बोल्टचं नाव मात्र सगळेच काढतात. त्याच्याकडे ९ सुवर्ण होती. बीजिंगच्या रिलेतला जोडीदार पुढं उत्तेजकाच्या चाचणीत सापडला आणि बोल्टची ८ उरली. दुसऱ्याच्या चुकीनं पदक गेलं, यावर पोरं फार हळहळतात.

मग कुस्ती खेळणारा एक जण हमखास आडवा येतो. "फेल्प्सले पोहायले आठ शर्यती भेटल्या जी. पहेलवानाले चार-पाच कुस्त्या मारून एकच मेडल." मुद्दा बिनतोड आहे. पोहण्यात चार प्रकार, प्रत्येकाची वेगवेगळी अंतरं, वर मेडले आणि रिले. कुस्तीगिराला एकच वजनगट. हॉकीवाल्याला तर अकरा जणांत मिळून एक पदक. ध्यानचंद तीन ऑलिंपिक खेळले, १९२८, १९३२ आणि १९३६, तिन्हींत सुवर्ण घेऊन आले आणि त्यांचा हिशेब तीनवरच थांबला. पायलीनं धान मोजतात म्हणून बांबूही पायलीनंच मोजायचा का? पदकतक्ता नेमका हाच उद्योग करतो.

कुस्तीवाल्यांचा उमेदवार म्हणजे क्यूबाचा मिहाईन लोपेझ. ग्रीको-रोमन कुस्तीच्या सगळ्यात वरच्या वजनगटात २००८ पासून २०२४ पर्यंत सलग पाच ऑलिंपिक, सलग पाच सुवर्ण. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाचदा जिंकलेला दुसरा खेळाडू ऑलिंपिकच्या इतिहासात नाही. पॅरिसची अंतिम कुस्ती संपल्यावर त्यानं मॅटवर बूट काढले, तिथंच ठेवले आणि निघाला. कुस्ती सोडल्याची ती खूण. पोरांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की बूट आधी कोणत्या पायातला काढला यावरही पैज लागली.

कुस्तीचा विषय निघाला की महाराष्ट्रात खाशाबांचं नाव यायचंच, आणि भरतीवाल्या पोरांना ते नाव आणखी जवळचं, कारण खाशाबा जाधवही पुढं पोलिसात गेले, १९५५ मध्ये, उपनिरीक्षक म्हणून. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९४८ ला लंडनला सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. प्राचार्यानं विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकावं, हे ऐकून पोरं माझ्याकडे, त्यांच्या सरांकडे, ज्या नजरेनं बघतात, तिचं उत्तर माझ्याकडे नसतं.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ते हरले. त्यानंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढा असं त्यांना सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी आखाड्याशी हजर नव्हता. थकलेल्या अंगानं ते उतरले आणि हरले. इशीनं सुवर्ण नेलं, खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरला त्यांची मिरवणूक निघाली ती १५१ बैलगाड्यांची. सरकारला जाग यायला मात्र वेळ लागला. १९८४ मध्ये अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावानं आला तो २००० सालचा. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक बघायला ७२ वर्षं थांबावं लागलं. ते कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत मिळवलं, याच रोवणीच्या दिवसांत.

पण सर्वश्रेष्ठ? एक कांस्य आणि सर्वश्रेष्ठ? इथं सभा दुभंगते. ज्या हेलसिंकीत खाशाबांचं कांस्य आलं, त्याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकला, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. एका गावात, एका आठवड्यात दोन माणसं. दोघांना एका तराजूत घालायचं कसं? खाशाबांच्या बाजूनं बोलणारे विश्रांतीचा तो अर्धा तास मोजतात, गहाण पडलेलं घर मोजतात, बैलगाड्या मोजतात. झाटोपेकच्या बाजूचे फक्त घड्याळ मोजतात.

या टप्प्यावर एका मुलीनं विचारलेला प्रश्न मला अजून बोचतो. ती म्हणाली, "सर, मंग गरिबीलेच मेडल देता का?"

आपण मराठी लोक तेच तर करतो. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ विहिरी खणायचा आणि रिओला नौकानयनात तेरावा आला. त्याची वेळ किती होती हे कुणाला आठवत नाही, विहिरी सगळ्यांना आठवतात. अविनाश साबळेनं सियाचीनला पहारा दिला हे ठाऊक असतं. पॅरिसला तो ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला, हे बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात येतं. सावरपाड्याची कविता राऊत 'सावरपाडा एक्स्प्रेस' झाली खरी, पण रिओच्या मॅरेथॉनसाठी तिनं पायांना काय शिकवलं, हे विचारायला कोण गेलं? हलाखी ही खेळाडूची कामगिरी नव्हे. ती आपल्या व्यवस्थेची कामगिरी आहे आणि तिचे गुण खेळाडूच्या खात्यात जमा करून आपण मोकळे होतो. त्या मुलीनं तांदूळ आणि खडे एका वाक्यात वेगळे केले. तेव्हापासून मी या वादात कुणाची गरिबी पुरावा म्हणून घेत नाही.

गरिबी बाजूला ठेवली तरी एक हिशेब मात्र बाजूला ठेवता येत नाही: रेषेवर उभं राहायला मिळालं कोणाला? सर्वश्रेष्ठांची यादी ही रेषेपर्यंत पोचलेल्यांची यादी असते. १९२० ला अँटवर्पला भारताचे खेळाडू गेले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर दोराबजी टाटांची नजर खेड्यातल्या धावपटूंवर पडली म्हणून. त्यांतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. दोराबजी त्या दिवशी दुसऱ्या गावी असते तर? १९२८ ला आम्स्टरडॅमला भारताच्या हॉकी संघाचा कप्तान होता जयपालसिंग मुंडा, छोटा नागपूरचा आदिवासी. ऑक्सफर्डला पोचला म्हणून कप्तान झाला, आणि पुढं घटना समितीत आदिवासींसाठी उभा राहून बोलला. त्याच्या खेड्यात त्याच्याइतकी चांगली काठी फिरवणारे आणखी किती होते, याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही.

आणि खेळ कोणते धरायचे, हेही कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात, रात्र-रात्र चालतात. पट्टीचा चढाईपटू अंगणाअंगणात सापडेल. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी करून दाखवली, देशी खेळ करून दाखवले. जगानं टाळ्या वाजवल्या आणि पुढचा कार्यक्रम सुरू झाला. कबड्डी ऑलिंपिकमध्ये असती तर या वादात आज कोणती नावं असती, ते सांगायला ज्योतिषी नको.

आमच्याकडे काही झालंच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच आदिवासी मुलं 'मिशन शौर्य' मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. ज्यांनी बर्फ पाहिला नव्हता त्यांनी वर्षभराच्या सरावात तो तुडवला. त्याच वर्षी या जिल्ह्यातून २०२४ च्या ऑलिंपिकसाठी खेळाडू घडवायचे म्हणून 'मिशन शक्ती'ची घोषणा झाली. बल्लारपूरजवळ विसापूरला क्रीडा संकुल उभं राहिलं, डिसेंबर २०२३ च्या अखेरीस तिथं राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. सिंथेटिक ट्रॅक कसा असतो ते आमच्या पोरांनी हात लावून पाहिलं. पॅरिसचं पदक मात्र कांबळवाडीला गेलं. ऑलिंपिकपटू सहा वर्षांत उगवत नसतो, एव्हरेस्ट तेवढा वेळ मागत नाही. एवढा धडा तरी आपण घ्यावा.

तोवर आमचं ऑलिंपिक म्हणजे भरतीचं ग्राउंड. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलींना १६०० च्या जागी ८००. एकूण ५० गुण. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर २० पैकी २०. १०० मीटर साडेअकरा सेकंदांत, तर १५ पैकी १५. गोळा साडेआठ मीटर पडला, तर पुन्हा १५. पन्नासपैकी पन्नास पडले की पोरं म्हणतात 'ग्राउंड आउट ऑफ'. वनरक्षकाचं वेगळं: मुलांना ५ किलोमीटर ३० मिनिटांत, आणि निवड होता होता ४ तासांत २५ किलोमीटर चालून दाखवायचं.

हे ग्राउंड जवळून बघण्यासारखं असतं. खिळा ठोकून, दोरी फिरवून काढलेलं वर्तुळ, फक्कीच्या दोन रेषा, पावसानं निम्म्या पुसलेल्या. गोळ्याला गंज चढलेला, त्यामुळे तो हनुवटीखाली दाबला की मानेवर तांबूस डाग उमटतो. ज्याच्या मानेवर डाग नाही त्यानं गोळा गळ्यापासून दूर धरलाय, म्हणजे तो ढकलत नाही, फेकतोय आणि मनगट दुखवून घेणार, हे शिकवणाऱ्याला लांबून कळतं. पहाटे रस्त्यावर धावायला जायचं तर घोळक्यानंच, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि वाघाला भरतीची तारीख ठाऊक नसते. उजाडल्याशिवाय घरचे मुलींना सोडत नाहीत. मग मुली चिखलाच्या मैदानावरच गोल गोल फेऱ्या मारतात आणि ८०० मीटर नेमके किती फेऱ्यांचे, यावर रोज वाद घालतात.

त्या गंजक्या गोळ्याचं वजन ७.२६० किलो. मुलींचा ४ किलोचा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा असतो आणि बायकांचा ४ किलोचा. ग्रॅमचाही फरक नाही. हे सांगितलं त्या दिवशी पोरांनी गोळा हातात घेऊन जरा निराळ्या नजरेनं पाहिला. धावायचं लांब, धावायचं जवळ, आणि वजन लांब टाकायचं. भरतीचं ग्राउंड ही एक छोटी डेकॅथलॉनच आहे, दहाच्या जागी तीन प्रकारांची. म्हणूनच मी त्यांना जिम थॉर्पची हकिगत सांगितली, आणि माझं मतही तिथंच पडलं.

थॉर्प अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमातला. शिकला कार्लाईलच्या निवासी शाळेत, जिथं मुलांचे केस कापत, नावं बदलत आणि आईची भाषा सोडायला लावत. १९१२ ला स्टॉकहोमला त्यानं पेंटॅथलॉन जिंकली, पाचपैकी चार प्रकारांत पहिला येऊन. उंच उडी आणि लांब उडीच्या वेगळ्या स्पर्धांत तो अनुक्रमे चौथा आणि सातवा आला. मग डेकॅथलॉन, आयुष्यात पहिली आणि शेवटची. १०० मीटर ११.२ सेकंद, गोळा १२.८९ मीटर, १५०० मीटर ४ मिनिटं ४० सेकंद. दहापैकी दहा प्रकारांत पहिल्या चारांत. दुसऱ्या आलेल्या स्वीडनच्या विसलँडरपेक्षा जवळपास ७०० गुण जास्त. त्या दिवसांतल्या एका छायाचित्रात त्याच्या दोन पायांत दोन वेगळे बूट दिसतात. त्याचे बूट ऐनवेळी गायब झाले आणि मिळाले ते घालून तो उतरला, असं सांगतात.

सहा महिन्यांनी त्याची दोन्ही पदकं काढून घेतली. कारण काय, तर काही वर्षांपूर्वीच्या दोन उन्हाळ्यांत त्यानं चार पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. तक्रार ३० दिवसांत यावी असा नियम होता, तो कोणी पाहिला नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून वही-पुस्तकांचे पैसे काढणाऱ्या आमच्या पोरांना या शिक्षेचा अर्थच लागत नाही. त्याच्या देशात मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळालं तेच मुळी १९२४ मध्ये. थॉर्प १९५३ ला वारला. १९८२ मध्ये निर्णय फिरवला, पण त्याला 'संयुक्त विजेता' केलं. एकटा विजेता म्हणून त्याचं नाव लागलं २०२२ मध्ये, शर्यतीनंतर ११० वर्षांनी.

आता तो वाईट परिस्थितीतून आला किंवा त्याच्यावर अन्याय झाला म्हणून मी त्याला मत देत नाही. त्या मुलीचा प्रश्न माझ्या ध्यानात आहे. त्याच्याविरुद्धचे मुद्देही खरे आहेत. तो एकच ऑलिंपिक खेळला. आजच्या गुणतक्त्यानं मोजलं तर आजचे डेकॅथलॉनवाले त्याला दोन हजारांहून जास्त गुणांनी मागे टाकतील. पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या बुटांशी, आजच्या ट्रॅकशी आणि आजच्या आहाराशी कसं लढवणार? माणूस त्याच्या काळातल्या माणसांशीच मोजायचा असतो, आणि आपल्या काळातल्या सगळ्या धडधाकट माणसांना धावणं, उडी आणि फेक या तिन्ही अंगांनी इतक्या फरकानं मागे टाकलेला दुसरा कोणी मला सापडत नाही. फेल्प्स पाण्यात सर्वश्रेष्ठ, लोपेझ मॅटवर, बोल्ट सरळ रेषेत. थॉर्प मैदानात कुठंही. आणि सर्वश्रेष्ठ म्हणायचं ते ज्याला कुठल्याही कोपऱ्यात उभं केलं तरी चालतं, त्यालाच. खाशाबांवर माझा जीव आहे, पण मत थॉर्पला.

कुस्तीवाला मानला नाही. लोपेझचे बूट त्याच्या मनातून उतरत नाहीत. ती मुलगी लॅटिनिनावर ठाम आहे. वाद असाच चालावा, त्यात बिघडत काही नाही.

बिघडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. थॉर्पचे आकडे सांगितल्यावर एका पोरानं हिशेब केला. भरतीत १०० मीटरला पूर्ण गुण साडेअकरा सेकंदांना आणि थॉर्पचे ११.२. भरतीचे १६०० मीटर त्याच वेगानं धावलं तर १५०० ला ४ मिनिटं ५० सेकंद लागतात, थॉर्पला ४:४० लागले. म्हणजे ग्राउंड आउट ऑफ करणारं पोंभुर्ण्याचं पोरगं धावण्यात थॉर्पच्या पुष्कळ जवळ आहे. गोळ्यात मागे आहे, पण किती मागे ते कळायला मार्ग नाही. कारण आमच्या मैदानावर साडेआठ मीटरला रेष आहे. गोळा तिच्यापलीकडे पडला की 'झाला' म्हणतात आणि फीत गुंडाळतात. नऊ मीटर पडला की अकरा, ते कोणी बघत नाही, कारण सोळावा गुण कोणी देत नाही. पंधराव्या गुणाशी आमचा प्रत्येक खेळाडू संपतो आणि शिपाई सुरू होतो.

शिपाई होण्यात कमीपणा नाही, घराला नोकरी हवी असते आणि ती आधी हवी असते. पण गावोगावच्या मैदानांवर पोरांचा सराव घेणाऱ्या सगळ्या मास्तरांना, माजी सैनिकांना आणि भरती होऊन सुट्टीवर आलेल्या दादा-ताईंना माझी एक विनंती आहे. साडेआठच्या पुढे पडलेला गोळाही मोजा. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलेल्याची वेळही पूर्ण लिहा, दशांशासकट. आकडा वहीत तारखेसह नोंदवा आणि मोठा वाटला तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन दाखवा. मोजायला दहा रुपयांची दोरीही पुरते आणि गोळा तर आपल्याकडे ऑलिंपिकच्याच वजनाचा आहे.